सोंग कोणते आणि माणूस कोणता? : ‘शक्तिमान’ मालिकेतील गंगाधरचे चित्रण आणि प्रेक्षकांमधील मतभेद

सारांश :
दूरदर्शनवरील ‘शक्तिमान’ ही मालिका भारतीय महानायकाची कथा म्हणून ओळखली जाते. तिच्याविषयीची बहुतेक चर्चा शक्तिमान या रूपाभोवतीच फिरत राहिली आहे. त्याच व्यक्तिरेखेचे दुसरे रूप असलेल्या गंगाधरला मालिकेने कसे वागविले, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. गंगाधर हे केवळ विनोदासाठी घेतलेले सोंग आहे, असे मानणारा एक प्रेक्षकवर्ग आहे; तर त्या सोंगाच्या निमित्ताने साध्या, ग्रामीण, वेगळ्या धाटणीने बोलणाऱ्या माणसाची थट्टा झाली, असे मानणारा दुसरा वर्ग आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही भूमिकांची चिकित्सा खानदेशातील प्रेक्षकाच्या दृष्टीने केली असून, तुलनेसाठी सुपरमॅनची व्यक्तिरेखा आणि मालेगावच्या चित्रपटप्रयोगाचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : विज्ञान-अद्भुत, महानायक, सोंग, बोली, प्रेक्षक, खानदेश.

१. प्रास्ताविक

‘शक्तिमान’ ही मालिका १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली आणि २७ मार्च २००५ पर्यंत चालली. दिनकर जानी यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि मुकेश खन्ना यांची प्रमुख भूमिका असलेल्या या मालिकेचे चारशेहून अधिक भाग प्रक्षेपित झाले. त्या काळात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अनेक खेड्यांत केबल पोहोचलेली नव्हती. घरावरील अँटेना फिरवून मिळेल ते चित्र पाहावयाचे आणि ज्याच्या घरी दूरदर्शन संच असेल त्याच्या ओसरीपर्यंत गर्दी करावयाची, अशी परिस्थिती होती. प्रस्तुत लेखकाच्या पिढीचे बालपण या मालिकेच्या सहवासात गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

साहित्य आणि समाज यांच्या संबंधाचा विचार करताना आपण कथा, कादंबरी, कविता यांचा आवर्जून विचार करतो. दूरदर्शन मालिकांकडे मात्र ‘मनोरंजन’ म्हणून पाहून त्यांना अभ्यासाबाहेर ठेवतो. वस्तुतः ज्या घरात एकही कादंबरी नव्हती, त्या घरातही ही मालिका पाहिली जात होती. म्हणूनच तिने कोणाला नायक केले आणि कोणाला हास्यास्पद केले, हे तपासणे वाङ्मयाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

२. उद्दिष्टे आणि मर्यादा

प्रस्तुत लेखनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) गंगाधर या व्यक्तिरेखेच्या चित्रणाचे स्वरूप तपासणे. (२) त्या चित्रणाविषयी प्रेक्षकांमध्ये असलेल्या मतभेदांची मांडणी करणे. (३) या मतभेदांचा खानदेशातील भाषिक अनुभवाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

येथे वर्णनात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रेक्षकांची मते म्हणून जे मांडले आहे, ते सर्वेक्षणावर आधारलेले नाही. विद्यार्थी, सहकारी आणि गावाकडील समवयस्क यांच्याशी वेळोवेळी झालेल्या चर्चांतून ते हाती आले आहे. ही मर्यादा आरंभीच नमूद करणे आवश्यक वाटते.

३. ‘शक्तिमान’ला विज्ञानकथा म्हणावे काय?

मराठी विज्ञानकथेची परंपरा समृद्ध आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. पुढे नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आदी लेखकांनी हा प्रवाह विस्तारला. कथेतील विज्ञान हे केवळ नेपथ्य नसावे, ते काढून घेतल्यास कथाच उभी राहू नये, हा निकष मराठी समीक्षेने सामान्यतः मान्य केला आहे.

या निकषावर ‘शक्तिमान’ ही मालिका शुद्ध विज्ञानकथा ठरत नाही. तिचा नायक पंचमहाभूते आणि कुंडलिनीची सात चक्रे यांतून शक्ती मिळवितो. मात्र त्याच्या विरोधात प्रयोगशाळेत विकृत प्रयोग करणारा डॉ. जैकाल आहे आणि अंधाराचे साम्राज्य इच्छिणारा तमराज किल्विष आहे. एकीकडे योग, दुसरीकडे प्रयोगशाळा असा हा सामना आहे. १९८९ मधील ‘इंद्रधनुष’ किंवा १९९८ मधील ‘कॅप्टन व्योम’ या मालिका विज्ञानकथेच्या अधिक जवळ होत्या. म्हणून ‘शक्तिमान’साठी ‘विज्ञान-अद्भुत’ ही संज्ञा योग्य ठरेल. परंतु वर्गीकरणाचा हा प्रश्न सोडविला म्हणजे मालिकेचे मूल्यमापन झाले असे नव्हे. खरा प्रश्न तिच्यातील माणसांचा आहे.

४. गंगाधरचे चित्रण

पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री या लांबलचक नावापासूनच विनोदाला सुरुवात होते. ‘आज की आवाज’ या वृत्तपत्रात तो छायाचित्रकार आहे. डोळ्यांवर चष्मा, पुढे आलेले दात, भाबडी चर्या, लकबदार बोलणे आणि प्रत्येक प्रसंगी होणारी फजिती ही त्याची लक्षणे होत. संकट आले की हाच गंगाधर आडोशाला जातो, स्वतःभोवती वेगाने गिरकी घेतो आणि शक्तिमान होतो. त्या गिरकीत चष्मा जातो, दात सरळ होतात, पाठ ताठ होते आणि आवाज गंभीर होतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शक्तिमान दुष्टांशी लढण्यासाठी बलवान होतो, हे कथेच्या गरजेतून आलेले आहे. परंतु दात सरळ होण्याची गरज कथेला नव्हती. सामर्थ्य आणि देखणेपणा, सामर्थ्य आणि प्रमाण उच्चार यांची जी सांगड येथे घातली गेली, ती सहजपणे घातली गेली आणि सहजपणेच स्वीकारली गेली. विशेष म्हणजे दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या. त्यामुळे गंगाधरच्या ‘उणिवा’ रंगभूषेने जोडलेल्या होत्या, हे उघड होते. हसू यावे म्हणून जे जोडले गेले, ते खेड्यापाड्यांत अनेकांना जन्मतःच मिळालेले असते.

५. प्रेक्षकांमधील मतभेद

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की गंगाधर हे सोंग आहे आणि सोंगावर रागावण्यात अर्थ नाही. मालिकेच्या कथानकानुसार सूर्यांशी या प्राचीन परंपरेने एका माणसाची निवड केली, त्याला साधनेने घडविले आणि त्याने जगात वावरण्यासाठी गंगाधरचे रूप घेतले. इतर पात्रे गंगाधरला हसतात तेव्हा प्रत्यक्षात तेच फसलेले असतात. प्रेक्षकाला हे गुपित ठाऊक असते. ज्याला सगळे वेडगळ समजतात तोच सर्वांत बलवान आहे, हे जाणण्यात बालप्रेक्षकाला मोठा दिलासा होता. शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला आपल्याही आत कोणी दडलेला असेल असे वाटणे, ही या मालिकेची देणगी आहे.

हा युक्तिवाद कमी लेखता येणार नाही. प्रस्तुत लेखकालाही त्या वयात हा दिलासा मिळालेला आहे.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की हा दिलासा अटीवर दिलेला आहे. गंगाधर आदरणीय ठरतो तो त्याच्या आत दुसरे कोणी आहे म्हणून. स्वतः गंगाधरने गंगाधर म्हणून लोकांना वाचविल्याचे, त्याच दातांनी आणि त्याच उच्चारांनी कोणाला धीर दिल्याचे चित्र मनात ठसत नाही. लक्षात राहते ती फजिती. ज्या मुलाच्या आत शक्तिमान नाही, त्याने काय करावे, या प्रश्नाला मालिकेकडे उत्तर नाही.

या संदर्भात गीता विश्वास या पत्रकार तरुणीचाही विचार करावा लागतो. तिचे प्रेम शक्तिमानवर आहे. गंगाधर तिच्या लेखी एक निरुपद्रवी सहकारी आहे. शोध घेणे हा जिचा व्यवसाय, तिलाच रोज शेजारी वावरणारा माणूस ओळखता येत नाही. पहिल्या पक्षाला यात गंमत दिसते. दुसऱ्या पक्षाला यात दोघांवरही अन्याय दिसतो : गीतेची बुद्धी कमी लेखली जाते आणि गंगाधर प्रेमास अपात्र ठरतो. ही भूमिका आरंभी किटू गिडवानी आणि नंतर वैष्णवी महंत यांनी केली. चेहरा बदलला तरी प्रेक्षकांनी गीतेला स्वीकारले, ही नोंद पुढील विवेचनासाठी उपयुक्त आहे.

६. सुपरमॅन : एक पूर्वसूरी वाद

हा मतभेद केवळ आपल्याकडचा नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ मध्ये अवतरला. त्याचेही क्लार्क केंट हे चष्मा लावणारे, बावळट भासणारे, वृत्तपत्रात काम करणारे रूप होते. गंगाधरचा वंश येथून सुरू होतो, हे स्पष्टच आहे. सुपरमॅन खरा की क्लार्क खरा, यावर तेथील रसिकांमध्ये दीर्घकाळ वाद राहिला. १९६५ मध्ये व्यंगचित्रकार व लेखक ज्यूल्स फायफर यांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले : सुपरमॅन हा मुळातच सुपरमॅन आहे, क्लार्क हे त्याने पांघरलेले रूप आहे. क्वेंटिन टॅरँटिनो यांच्या २००४ मधील ‘किल बिल’च्या दुसऱ्या भागात हाच विचार अधिक कठोरपणे येतो : क्लार्कचा भित्रेपणा म्हणजे सुपरमॅनने समस्त मानवजातीविषयी बनविलेले मत होय.

दुसरीकडे, १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी या व्यक्तिरेखेची पुनर्मांडणी केली, तेव्हा क्लार्कला खरा माणूस मानले आणि सुपरमॅन हे त्याचे कामाचे रूप मानले. १९९३ ते १९९७ या काळातील ‘लोइस अँड क्लार्क’ या दूरचित्रवाणी मालिकेनेही क्लार्कलाच केंद्रस्थानी ठेवले. म्हणजे ‘शक्तिमान’ सुरू झाली तेव्हा क्लार्कला त्याची प्रतिष्ठा परत मिळालेली होती. गंगाधरला मात्र ती मिळाली नाही. आपण त्या परंपरेतील जुना विनोद उचलला. त्या विनोदाची तेथेच झालेली दुरुस्ती उचलली नाही.

हाच निकष गंगाधरला लावला तर एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. कोणाच्या नजरेत भरू नये असे सामान्य रूप घेताना शक्तिमानने हेच रूप का निवडले? सामान्य माणूस असाच असतो, असे त्याचे मत होते काय? तसे असेल तर गंगाधर हे शक्तिमानचे आपल्याविषयीचे मत ठरते.

७. खानदेशातील प्रेक्षक आणि बोलीचा प्रश्न

खानदेशात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. येथील बहुसंख्य मुलांची घरची भाषा अहिराणी, लेवा बोली, भिल्लांच्या बोली अथवा गुजर बोली अशी असते. शाळेची भाषा प्रमाण मराठी असते. ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हटले की वर्ग हसतो, हा अनुभव येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात पुढे आलेल्या दातांचा आणि घरची बोली सोडता न येणारा एक मुलगा होता. मालिका सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्याचे नाव ‘गंगाधर’ पडले. शिक्षकही क्वचित त्याच नावाने हाक मारीत आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. त्याने गिरकी घेऊन दाखवावी असा आग्रह होई. तो घेई. गिरकी थांबली की तो तसाच असे आणि त्यावर पुन्हा हशा होई. हसणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे येथे सांगणे कर्तव्य वाटते.

मालिका गाजत असताना मुलांनी शक्तिमानचे अनुकरण करून स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. त्यावर बरीच चर्चा झाली आणि मुकेश खन्ना यांनी मालिकेतूनच मुलांना सावध केले. प्रत्येक भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या सदरात चांगल्या सवयींचा उपदेश असे. उडण्याचे अनुकरण करू नका, असे मुलांना सांगितले गेले. गंगाधरचे अनुकरण करून कोणाला हिणवू नका, असेही सांगावयास हवे होते, हा विचार मात्र आपल्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही. त्या इजेची बातमी होत नव्हती.

याच भूमीतील बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली. शाळेत न गेलेल्या एका शेतकरी स्त्रीच्या बोलीतील ते शब्द प्रमाण मराठीत न बदलता स्वीकारले गेले. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. बोली टाकून न देता थोर होता येते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण आपल्याकडे नाही. तरीही त्यांची कविता पाठ करणारा वर्ग ‘माले’ म्हणणाऱ्याला हसत होता, ही विसंगती नोंदविली पाहिजे.

८. भोवाडा आणि मालेगावचा सुपरमॅन

सोंग या कल्पनेकडे पाहण्याची आपली स्वतःची एक रीत आहे. खानदेशाच्या पश्चिम भागात व लगतच्या बागलाणात भोवाड्याची परंपरा आहे. देवादिकांचे व असुरांचे मुखवटे धारण करून गावातीलच माणसे सोंगे आणतात. मुखवट्याखाली कोणाचा मुलगा वा कोणाचा पुतण्या आहे, हे गावाला ठाऊक असते. तरीही देवाचे सोंग आले की हात जोडले जातात. सकाळी तोच माणूस शेतात दिसतो. देव आणि माणूस एकाच देहात नांदतात. देव होण्यासाठी त्याला गावातील माणूस असणे सोडावे लागत नाही, किंवा लपवावेही लागत नाही. शक्तिमान-गंगाधर या जोडीत नेमके हेच घडत नाही.

या परंपरेची आठवण व्हावी असा एक आधुनिक प्रयोग आपल्या शेजारी झाला आहे. मालेगाव प्रशासकीयदृष्ट्या नाशिक जिल्ह्यात असले तरी मुंबई-आग्रा मार्गाने ते धुळ्याचा शेजारी आहे आणि तेथून येणारी गिरणा पुढे जळगाव जिल्ह्याला पाणी देते. तेथील नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा अल्पखर्ची चित्रपट केला. पुढे त्यांनी सुपरमॅनवर चित्रपट करण्याचे ठरविले. त्या निर्मितीची कथा फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ मधील माहितीपटात आली आहे. सुपरमॅनची भूमिका करणारे शफिक शेख हे यंत्रमाग कामगार होते. अंगाने अत्यंत कृश असलेला हा माणूस तो निळा-लाल पोशाख घालतो आणि हिरव्या पडद्यापुढे उडतो. २०११ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या चित्रपटामुळे (प्रदर्शन : २८ फेब्रुवारी २०२५) ही कथा पुन्हा सर्वदूर पोहोचली.

हे विडंबन आहे आणि त्यातही कृश देहाचे हसूच केले आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु दोन्ही हास्यांत मूलभूत फरक आहे. मालेगावात हसू येते ते महानायकाच्या भव्यतेचे. तो पोशाख आपल्या अंगावर कसा दिसेल, हे त्या मंडळींनी स्वतःच करून पाहिले. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो, म्हणून ती वाचताना कोणी दुखावत नाही. तसेच हे आहे. येथे कृश माणूस गिरकी घेऊन नाहीसा होत नाही. तोच उडतो. गंगाधरला जे नाकारले गेले, ते मालेगावच्या यंत्रमाग कामगाराने स्वतः मिळविले.

९. अलीकडील वाद आणि त्यातील मौन

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने शक्तिमानवरील चित्रपटत्रयीची घोषणा केली. मार्च २०२४ मध्ये या भूमिकेसाठी रणवीर सिंग यांचे नाव चर्चेत आले, तेव्हा मुकेश खन्ना यांनी जाहीर विरोध केला. या भूमिकेसाठी अभिनयाइतकीच प्रतिमा महत्त्वाची आहे, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्वतः पुन्हा त्या पोशाखात दिसले. यावर रसिकांत दोन तट पडले. मूळ नटाशिवाय शक्तिमान नाही, असे काहींचे मत होते. नव्या पिढीला नवा चेहरा हवा, असे इतरांचे.

गीतेचा चेहरा बदलला तेव्हा मालिका थांबली नाही, हे आपण पाहिले. शक्तिमानच्या चेहऱ्यावर मात्र एवढा वाद झाला. आणि या संपूर्ण वादात गंगाधर कोणी करावा, कसा करावा, त्याला पुन्हा तसेच दात लावावेत काय, हा प्रश्न फारसा कोठे आढळला नाही. व्यक्तिरेखेच्या अर्ध्या भागाविषयीचे हे मौनच प्रस्तुत लेखनाचे कारण होय.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) गंगाधर हे सोंग आहे, हा पहिल्या पक्षाचा मुद्दा कथानकाच्या पातळीवर बरोबर आहे. मात्र सोंगासाठी निवडलेली लक्षणे वास्तव माणसांची असल्याने त्या निवडीची जबाबदारी मालिकेला टाळता येत नाही.

२) दुसऱ्या पक्षाचा आक्षेपही पूर्णांशाने स्वीकारता येत नाही. अवहेलना झालेल्या मुलांना या मालिकेने जो दिलासा दिला, तो खोटा नव्हता. तो अपुरा होता.

३) दोन्ही पक्षांकडून एक तिसरा माणूस निसटला आहे. शक्तिमान होण्यापूर्वी जो साधक शिकला, ज्याने श्रम केले, तो ना शक्तिमान होता ना गंगाधर. मालिकेने त्याला उगमकथेपुरते दाखविले आणि नंतर त्याची जागा गिरकीने घेतली. शिकण्याची जागा क्षणात बदलण्याने घेतली, हा या व्यक्तिरेखेवरील सर्वांत मोठा अन्याय होय. विज्ञानकथा जे सांगू शकते, म्हणजे सामर्थ्य हे समजून घेण्यातून येते, ते सांगण्याची संधी येथेच हातची गेली.

४) नवा शक्तिमान कधी आलाच, तर त्याची परीक्षा त्याच्या उड्डाणात होणार नाही, त्यातील गंगाधरच्या वागणुकीत होईल.

आमच्या वर्गातील तो मुलगा दहावीनंतर शाळेच्या संपर्कात राहिला नाही. आज प्रस्तुत लेखकाच्या वर्गात कोणी ‘माले समजनं नही’ असे म्हणतो, तेव्हा प्रथम त्याला काय समजले नाही ते पाहावे आणि उच्चाराचा विचार मागाहून करावा, एवढा नियम त्या मुलाच्या आठवणीने घालून दिला आहे.